आपल्याच मशीनची चोरी

कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पाठीमागे एक लांबट खोली होती. तिला खिडकी एकच, तीही जाळीची, आणि दार एकच, तेही लोखंडी. त्या दाराची किल्ली ज्यांच्या कमरेला असायची त्यांना सगळं कोर्ट कुलूपकाका म्हणायचं. वकील म्हणायचे, शिपाई म्हणायचे आणि वरचेवर पकडून आणले जाणारे दोन-तीन पाकीटमारसुद्धा अगदी घरच्यासारखे म्हणायचे. त्यामुळे त्यांची बायको आपोआप कुलूपकाकू झाली. तिला ते मुळीच आवडत नसे.

खोली होती मुद्देमालाची. चोरीचा जो माल सापडतो तो पुरावा म्हणून खटला संपेपर्यंत कोर्टाच्या ताब्यात राहतो. तोवर तो ना चोराचा, ना मालकाचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात, पण ते माणसांपुरतं झालं. वस्तूंना कोण विचारतो? चोर जामिनावर सुटून घरी जायचा, मालक नवी सायकल घ्यायचा आणि जुनी सायकल मात्र त्या खोलीत भिंतीला टेकून गंज खात उभी असायची. काकांना हे बघवत नसे. म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला होता. ते घड्याळांना किल्ली द्यायचे, सायकलींच्या चाकांत हवा भरायचे, छत्र्या उघडून वाळवायचे, बिजागऱ्यांना तेल घालायचे. आणि हे सगळं करताना कुठलीही वस्तू वापरायचे मात्र नाहीत. खोलीत गादीची एक फर्मास खुर्ची होती, एका दवाखान्यातून चोरीला गेलेली. काका तिच्यावरची धूळ रोज झटकायचे आणि शेजारच्या लाकडी स्टुलावर बसून डबा खायचे. नव्या शिपायांना हे वेड वाटायचं. जुन्या शिपायांनाही वेडच वाटायचं, फक्त त्यांना सवय झाली होती.

चोरी या विषयावर काका तासन्‌तास बोलू शकत. चहा पिता पिता ते शिपायांना म्हणायचे, "टोपलीतली काकडी घेतली की माणूस चोरतो. ऑफिसातलं पेन घेतलं की ढापतो. मित्राची छत्री नेली की लांबवतो. साहेबाने खाल्लं की त्याला अपहार म्हणायचं, आणि सख्ख्या भावाने नेलं तर तो नुसता घेऊन जातो. काम एकच. माणूस कोण त्यावर शब्द ठरतो."

"आणि कायद्यात?" असं एकाने विचारलं होतं.

"कायद्यात एकच. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने जागची हलवली की चोरी. ताब्यातली, बरं का. मालकीची नाही."

"म्हणजे मी माझीच चप्पल चोरू शकतो?"

"दुरुस्तीला टाकली असशील आणि पैसे बुडवायला म्हणून गुपचूप उचलून आणलीस, तर हो. आपल्याच चपलेचा चोर."

शिपाई पोट धरून हसला होता. काकाही हसले होते. कायदा दुसऱ्याला लागू असतो तोवर त्यात गंमत पुष्कळ असते.

त्या खोलीत एक दिवस शिलाई मशीन आलं. काळं, पायाने चालवायचं, जुन्या घडणीचं. त्याच्यामागोमाग काही दिवसांनी ओळख पटवायला शिवणबाई आल्या. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं एका खिडकीचं दुकान होतं. चाळिशी ओलांडलेली बाई, बोटं सुयांनी टोचलेली आणि जीभ त्या सुयांपेक्षा धारदार. मशीन बघून त्यांनी ते आपलं आहे असं सांगितलं नाही. आधी चाकावर बोट फिरवलं आणि बोट काकांच्या नाकासमोर धरलं.

"हे काय? गंज. तुमच्याकडे सांभाळायला दिलंय की मारायला?"

काकांना आजवर त्या खोलीत कुणी बोल लावला नव्हता. ते ओशाळले. "तेल घातलं होतं, ताई."

"कुठं घातलंत? वरून? अंगाला तेल लावून पोट भरतं का?" बाईंनी खाली वाकून मशीनच्या पोटातली छिद्रं एकेक करून दाखवली. काकांनी ती मुकाट्याने पाहून ठेवली.

त्यांची हकिगत काकांना हळूहळू कळली. मशीन नेलं होतं ते बाईंच्या सख्ख्या भावाने. बाई बाहेर गेलेल्या असताना त्याने दुकानाची कडी उचकटली आणि मशीन टेम्पोत घातलं. पोलिसांनी पकडल्यावर तो म्हणाला, चोरी कसली, मशीन आईचं होतं, आई गेली, मग माझाही वाटा आहे, मी माझा वाटा नेला. बाई म्हणत होत्या, आईने ते हयातीत मला दिलं, शेवटची बारा वर्षं तिचं मीच केलं, हा फिरकलासुद्धा नाही. आईने देताना कुणाला साक्षीला बसवलं नव्हतं. कोण बसवतं? तेव्हा मशीन कुणाचं हेच ठरायचं होतं, आणि ते ठरेपर्यंत ते दोघांपैकी कुणालाच मिळणार नव्हतं. भावाला फरक पडत नव्हता. तो मशीन विकणार होता. बाईंचं मात्र त्याच्यावाचून अडत होतं. शेजारणीचं मशीन त्या उसनं मागायच्या, आणि उसन्या मशीनवर किती दिवस पोट भरणार?

बाई पुन्हा आल्या त्या मशीन बघायला. काकांनी तेल बरोबर घातलं होतं. बाईंनी चाक हाताने फिरवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नुसत्या तेलाने भागत नाही, काका. मशीन चाललं पाहिजे. बसून राहिलं की धरतं."

काकांच्या मनात हे एकदम उतरलं, कारण त्यांचा नियमच तो होता. त्यांनी घड्याळं चालू ठेवलीच होती की. ते दार ओढून घेत म्हणाले, "बसा. थोडं चालवा. दोरा नका लावू."

बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पाय मारला. त्या अंधाऱ्या खोलीत मशीनचा आवाज सुरू झाला तेव्हा काकांना खरोखर बरं वाटलं. मरगळलेल्या घरात कुणीतरी मोठ्याने बोलावं तसं वाटलं. आठवड्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत, असं ठरून गेलं.

बोट दिलं की मनगट धरतात, असं काकू नेहमी म्हणायची. बिन दोऱ्याचं मशीन चालवणं म्हणजे घास न घेता तोंड हलवणं, असं बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पिशवीतून शाळेचे गणवेश काढले. काका नाही म्हणणार होते. पण वस्तू वापरायची नाही हा नियम त्यांच्यासाठी होता. बाईंसाठी काय नियम, हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. ते गप्प राहिले. मग बेलीफाने पँटला टीप मारून घेतली. मग दोन शिपायांचे फाटके खिसे शिवून झाले. एकदा तर न्यायाधीश मॅडमचा काळा गाऊन बाहीपाशी उसवला, तो त्यांचा पट्टेवाला धावत खाली घेऊन आला आणि बाईंनी तो दोन मिनिटांत शिवून दिला. मॅडम तोच गाऊन घालून वर जाऊन बसल्या. मुद्देमालाला हात लावणं गुन्हा आहे हे सगळ्या कोर्टाला पाठ होतं, आणि सगळं कोर्ट त्या मशीनवर शिवलेलं घालून फिरत होतं. अळीमिळी गुपचिळी.

त्या तासाभरात दोघं फार बोलत नसत. बाई कधी भावाबद्दल बोलायच्या. "लहानपणी माझ्या ताटातलं काढून घ्यायचा. आई म्हणायची, जाऊ दे, धाकटा आहे. आता तेच कोर्टात चाललंय." काका ऐकून घ्यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, बहीणभाऊही नव्हते. घरी काकूचा आणि त्यांचा संसार शांत होता, इतका शांत की कधी कधी दोघांनाही तो टोचायचा. मशीनच्या त्या आवाजाची ते आठवडाभर वाट बघायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात वावगं काही नव्हतं.

मग वरून हुकूम आला. सगळ्या कोर्टांचा जुना मुद्देमाल दुसऱ्या गावच्या मोठ्या गोदामात एकत्र ठेवायचा. तिथे पहारेकरी असतील, कॅमेरे असतील. तेल घालणारा कुणी असणार नाही, हे काकांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी बाईंना सांगितलं तेव्हा बाईंचे पाय मशीनवर थांबले.

"निकाल कधी लागेल?"

"तुमच्या भावाचा वकील तारखाच मागतोय. वर्ष, दीड वर्ष. जास्तही."

"तोवर ते तिथे कोपऱ्यात."

"हो."

बाईंनी कापड काढून घेतलं, दोरा तोडला, मशीनवर झाकण घातलं आणि त्या निघून गेल्या. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. काकांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

माल हलवायच्या दिवशी कोर्टाच्या मागच्या आवारात नुसती धांदल होती. हमाल आत-बाहेर करत होते, ट्रक फाटकाशी उभा होता आणि काका दारात उभे राहून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे बघत होते. तेवढ्यात शिवणबाई आल्या. बरोबर हातगाडीवाला होता. त्या सरळ आत गेल्या. गाडीवाल्याने मशीन उचललं, हमालांना वाटलं हाही आपल्यातलाच, आणि मशीन काकांच्या समोरून बाहेर आलं. बाई मागून येत होत्या. दारात त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. मी नेतेय, एवढंच होतं.

"ताई, ठेवा ते." एवढे तीन शब्द. बोलायला काही लागत नव्हतं. काकांनी तोंड उघडलंही होतं. मग ते वळले, आत गेले आणि भिंतीवरची घड्याळं काढून कागदात गुंडाळू लागले. पाठीमागे हातगाडीची चाकं फरशीवरून मातीत उतरली, तो आवाज त्यांनी नीट ऐकला. डोळ्यांवर कातडं ओढता येतं, कानांवर येत नाही.

गोदामात माल उतरवताना मशीन कमी निघालं. संध्याकाळच्या आत पोलीस बाजारामागच्या गल्लीत पोचले. बाई दुकानाच्या उघड्या खिडकीत बसून शिवत होत्या. लपवायचं असतं तर पडदा तरी ओढला असता. त्या म्हणाल्या, "हो, मीच आणलं. माझं आहे." पोलिसांनी त्यांना नेलं आणि मशीनही नेलं. भावाला कळलं तेव्हा तो म्हणे हसत सुटला आणि दिसेल त्याला विचारू लागला, आता चोर कोण?

कोर्टाच्या अधीक्षकांनी काकांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. दार लावून म्हणाला, "काका, तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. गर्दीत तुमच्या लक्षात आलं नाही, एवढं सांगा. ढिलाई म्हणून एक ताकीद मिळेल, प्रकरण मिटेल. बाईंचं त्या बघून घेतील. पहिलाच गुन्हा आहे, फार काही होणार नाही."

"शिक्षा तर होईल ना?"

"होईल थोडीफार."

"आणि शिक्का?"

अधीक्षकांनी समोरची फाईल मिटली. तो शिक्का कसा असतो हे काकांनी जन्मभर पाहिलं होतं. सुटून आलेला माणूस दहा वर्षांनी बटाटे विकत बसला तरी गल्ली त्याला चोरच म्हणते. आणि चोर ठरलेल्या बाईच्या हातात आपले कपडे कोण देणार?

घरी काकूला सगळं सांगावं लागलं. तिने हातातली कणीक तशीच ठेवली. "म्हणजे तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"बरं, पाहिलं. पण दिलं कुठे? पाहणं म्हणजे देणं का? रस्त्यात कुणी पडलं आणि मी पाहिलं, म्हणजे मी ढकललं का?"

"तुझं काम तिला धरायचं असेल तर?"

"हे बघा, मला कायद्यातलं कळत नाही." तिने कणकेचे हात पदराला पुसले. "तुम्ही आयुष्यात दुसऱ्याची टाचणी घेतली नाहीत. लोक माझ्या तोंडावर म्हणतात, तुमच्या नवऱ्यासारखा माणूस नाही. बाकी आपल्याकडे आहे काय? ना पोर, ना घर. एवढं नाव आहे. आणि पेन्शन. दोन्ही देऊन टाकायची असतील तर निदान मला विचारून द्या."

काकांनी तिला विचारलं नाही. तिच्या शेजारी बसून राहिले फक्त. त्यांना राहून राहून एकच वाटत होतं, की त्या दारात जे घडलं त्याला नाव काय हे आता आपण सांगू तेच ठरणार. आपण दिलं नाही म्हटलं तर बाईने चोरलं. आपण दिलं म्हटलं तर बाईने नुसतं नेलं. मशीन तेच, हात तेच, हातगाडीही तीच.

खटला उभा राहिला त्या दिवशी कोर्ट भरलं होतं. सगळे आपलेच लोक. बेलीफ मागे उभा होता, शिपाई दारात होते. भाऊ पहिल्या बाकावर पाय पसरून बसला होता. बाई आरोपीच्या जागेवर ताठ उभ्या होत्या, आणि काकांना वाटलं होतं तशा त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. उलट, फार दिवसांनी आपली पाळी आल्यासारख्या दिसत होत्या. हे काकांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ त्यांनी तेव्हा लावला नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, "खोली तुमच्या ताब्यात होती. आरोपीने तुमच्या परवानगीशिवाय मशीन नेलं, बरोबर?"

"नाही," काका म्हणाले. "परवानगी होती."

कोर्टात कुजबुज झाली. मॅडम पुढे झुकल्या. "तुम्ही त्यांना तसं सांगितलं होतंत?"

"तोंडाने नाही, मॅडम. त्या नेत होत्या, मी समोर होतो. अडवायचं काम माझं होतं. मी पाठ फिरवली. पाठ फिरवून दिली परवानगी."

"खोटं आहे!" शिवणबाई ओरडल्या. "यांनी मला काही दिलेलं नाही. मी नेलं. माझं होतं म्हणून नेलं!"

"तुम्ही शांत राहा," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा काकांकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही दिलं असं म्हणालात तर यांच्याकडून चोरी झाली नाही. मग प्रश्न तुमच्यावर येतो. कोर्टाचा माल तुम्ही परस्पर दिलात. नोकरी जाईल, खटलाही होईल. विचार करून उत्तर द्या."

"विचार केलाय, मॅडम. मी दिलं."

तिथेच निकाल लागल्यासारखं झालं. चोरीचा आरोप उरला नाही, बाई सुटल्या. मशीन पुन्हा मुद्देमालात, गोदामात. ते कुणाचं, हे भावाच्या खटल्यात ठरेल, आणि त्याची तारीख पुढची. काकांना त्याच दिवशी निलंबित केलं. अधीक्षकांनी हात पुढे केला, काकांनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. शिपायांपैकी एकाला रडू आवरेना. काकांना मात्र हलकं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळल्या, आज एका माणसाला सांभाळलं, असं काहीसं त्यांच्या मनात चाललं होतं. बाई बाहेर थांबल्या असतील, काहीतरी बोलतील, असंही त्यांना वाटत होतं. वाटणारच. माणूस आहे.

बाई खरंच थांबल्या होत्या, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी. त्यांचे डोळे लाल होते.

"मला विचारलंत?" त्या म्हणाल्या.

"काय, ताई?"

"आत ते बोलायच्या आधी. मला एकदा तरी विचारलंत?"

काका गोंधळले. "तुमच्यावर शिक्का बसला असता."

"बसला असता तर बसला असता. पण त्याआधी त्यांना ठरवावं लागलं असतं ना, मशीन कुणाचं आहे ते? मला तिथे उभं राहून एवढंच विचारायचं होतं, माझी वस्तू मी नेली तर ती चोरी होते का? नऊ महिने कुणी माझं ऐकून घेत नव्हतं. म्हणून तर दिवसाढवळ्या नेलं, काका, सगळ्यांच्या समोर. पकडावं म्हणून नेलं."

काकांचा हात सवयीने कमरेकडे गेला, तिथे किल्ली नव्हती.

"आता काय झालं? मी तुमच्या मेहेरबानीने नेलेलं मशीन. भावाचा वकील पुढच्या तारखेला हेच म्हणणार, हिचं असतं तर हिला दुसऱ्याची परवानगी कशाला लागली असती?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "त्याने मशीन नेलं. कोर्टानेही मशीनच नेलं. माझ्याकडे एवढं एकच उरलं होतं, की मी ते नेलं असं तोंड वर करून सांगायचं. ते तुम्ही नेलंत."

"मला तुम्हाला वाचवायचं होतं हो."

"ठाऊक आहे मला," शिवणबाई म्हणाल्या. "म्हणून तर तक्रारसुद्धा करता येत नाही."

त्या पायऱ्या उतरून आवारात गेल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. वर पुढच्या खटल्याचा पुकारा झाला. कुलूपकाका जिन्याला धरून उभे राहिले. दुसऱ्याचं काही आपल्याकडे आलं तर ते जपून ठेवायचं आणि ज्याचं त्याला परत करायचं, हे एकच काम ते जन्मभर करत आले होते. हे कसं परत करायचं, ते त्यांना कळत नव्हतं.